बोंबलाऐवजी पापड

आमच्या शाळेत कुठलीही बातमी आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येते, मग मुख्याध्यापकांच्या कपाळावर आणि अगदी शेवटी नोटीस बोर्डावर. त्या वर्षी गणपतीच्या सुमारास गटावर एक रंगीत जाहिरात आली. मुंबईतली एक संस्था म्हणे शिक्षकांना वर्गातल्या प्रकल्पांसाठी छोटी छोटी अनुदानं देत होती. रक्कम फार मोठी नाही, पण तराजू, तापमापक, रंग, पुस्तकं असं काहीबाही घेता येईल एवढी. जाहिरातीत एक शिक्षिका फुलपाखराकडे बघून हसत होती. खाली आमच्या मुख्याध्यापक सरांनी लिहिलं होतं, 'सर्व शिक्षकांनी अर्ज करणे अनिवार्य आहे.' पाच मिनिटांनी त्यांनी दुरुस्ती पाठवली, 'अर्ज करणे ऐच्छिक आहे. न करणाऱ्यांनी उद्या मला भेटावे.'

सरांचा उत्साह अगदीच निःस्वार्थ नव्हता. आदल्या वर्षी हे अनुदान दुसऱ्या एका शाळेला मिळालं होतं आणि दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक हातात धरलेल्या तिथल्या मुख्याध्यापकांचा फोटो पेपरात आला होता. तेव्हापासून सर बेचैन होते. 'बाई, आपल्यात काय कमी आहे?' असं ते मला जिन्यात अडवून विचारायचे. कमी काय आहे याची यादी माझ्याकडे तयार होती, पण जिन्यात तेवढा वेळ नसायचा.

मला स्वतःला मात्र ती जाहिरात बघून मनापासून आनंद झाला. वीस वर्षं मी सहावी-सातवीला विज्ञान आणि गणित शिकवते आहे, आणि या वीस वर्षांत प्रत्येक प्रयोगाचं सामान माझ्या पर्समधून आलेलं आहे. लिंबं, खाण्याचा सोडा, फुगे, मेणबत्त्या, एकदा तर घरातला कुकर. माझ्या नवऱ्याची अशी पक्की समजूत आहे की राज्याचं शिक्षण खातं त्याच्या पगारावर चालतं. प्रयोगाचे पैसे दुसरं कुणी देतंय हे ऐकून तो सुद्धा दोन मिनिटं पेपर बाजूला ठेवून बसला.

मी राहते सिल्व्हर पार्कला आणि शाळा उत्तनच्या बाजूला, डोंगरीच्या पुढे. आधी रिक्षा, मग पूल ओलांडून भाईंदर पश्चिम, मग मिठागरांच्या कडेने जाणारी बस. माझ्या वर्गातली निम्मी मुलं किनाऱ्यावरच्या जुन्या ख्रिस्ती घरांतली. कुणाचा बाप होडीवर, कुणाचा वाडीत, कुणाचा मुंबईतल्या ऑफिसात. उरलेली निम्मी रत्नागिरी-रायगडहून येऊन मिळेल ते काम करणाऱ्या घरांतली. पहिली निम्मी मला टीचर म्हणतात, दुसरी निम्मी बाई. मी दोन्हींना ओ देते.

त्या वर्षी सातवीत किनाऱ्याकडची एक मुलगी होती. शेवटून दुसऱ्या बाकावर भिंतीकडे बसायची. प्रश्न विचारला की उभी राहायची आणि माझा दम संपेपर्यंत उभीच राहायची. हुशार की मठ्ठ, काही पत्ता लागू द्यायची नाही. सहावीत असताना दिवाळीच्या सुट्टीनंतर ती जी गायब झाली ती होळीलाच उगवली. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. पाऊस गेला की बोंबील सुकवायचे दिवस येतात, आणि तिची आई एकटी होती. बाप मोठ्या होडीवर, आठवडा आठवडा समुद्रात. सातवीत पुन्हा तसंच झालं असतं तर आठवीला ती आलीच नसती. अशा मुली कशा सुटतात हे मी वीस वर्षं पाहिलं आहे. भांडण नाही, रडारड नाही. एक दिवस बाकावर दुसरीच मुलगी सरकून बसते.

म्हणून सप्टेंबरच्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. घर बंद होतं, दोघी मायलेकी किनाऱ्यावर होत्या. पावसाने उघडीप दिली होती आणि पहिले बोंबील चढत होते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बांबू रोवून त्यांना आडवे दोर बांधतात, त्या मांडणीला वलांडी म्हणतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवायचं आणि ती जोडी दोरावर टाकायची. गाठ नाही, सुतळी नाही, बोंबलाचे दातच दोरा होतात. ही माझी न बोलणारी विद्यार्थिनी बोलता बोलता दोन्ही हातांनी जोड्या टाकत होती.

'किती दिवसांत सुकतील गं?' मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

'हे ना टीचर? आज वारा हाय पन दव पडनार. परवा दुपारपर्यंत हाय. त्या तिकडच्या रांगेला अजून एक दिस लागंल, तिकडं घराची सावली येते.' मग तिने एक बोंबील बोटांनी दाबून पाहिला. 'याच्यात अजून निम्म्याच्या वर पानी हाय.'

मी वर्गात महिनाभर बाष्पीभवन आणि शेकडेवारी शिकवत होते. फळ्यावर बाण काढले होते, खडू झिजवले होते. इथे ही पोर बोटाने शेकडेवारी सांगत होती. मला माझ्या खडूंची लाज वाटली. बसमध्ये बसल्या बसल्या प्रकल्प तयार झाला. शाळेच्या मागच्या अंगणात एक छोटी वलांडी बांधायची. ओले बोंबील रोज वजन करून टांगायचे. ऊन, वारा, दमटपणा मोजायचा, तक्ते करायचे. आणि या सगळ्याची प्रमुख ही मुलगी. काम तेच, जागा शाळेची. तिच्या आईने सुद्धा मान डोलावली. 'शाळेतच बोंबील शिकवनार असाल तर पाठवते,' ती म्हणाली. 'तुमी तरी कधी शिकनार?'

आता अर्ज. तो चौदा पानांचा होता. प्रकल्पातून जेवढे पैसे मिळणार होते तेवढ्यांत दुसऱ्या कुणाकडून अर्ज भरून घेतला असता तर हिशेब चुकता झाला असता. 'तुमच्या प्रकल्पाचा इम्पॅक्ट काय?' 'इनोव्हेशन कोणते?' 'पाच वर्षांनी हा प्रकल्प कुठे असेल?' बोंबील पाच वर्षांनी कुठे असतो याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. पण ज्याला गरज असते तो उत्तरं शोधतो. तीन संध्याकाळ खपून मी अर्ज लिहिला आणि सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला, दार लावून घेतलं.

'बाई, बोंबील?'

'हो सर.'

'संस्थेच्या विश्वस्तांची नावं वाचलीत? ही माणसं कांदा-लसूण तरी खात असतील का? त्यांना तुम्ही बोंबील सांगताय?'

हे बोलणारे सर मूळचे दापोलीकडचे. दर बुधवारी त्यांच्या डब्यात कुरकुरीत तळलेले बोंबील असतात आणि त्या दिवशी ते स्टाफरूममध्ये न जेवता ऑफिसात दार लावून जेवतात. मी काही म्हणायच्या आत त्यांनी तोडगा काढला. 'पापड करा. सुकण्याची क्रिया तीच. पाण्याला काय कळतंय ते बोंबलातून जातंय की पापडातून?'

इथे मी भांडायला हवं होतं. मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. रिक्षावाल्याशी, गॅसवाल्याशी, जनगणनेच्या साहेबाशी भांडलेली बाई आहे मी. पण त्या दिवशी मी गप्प बसले, आणि का ते मला ठाऊक आहे. सिल्व्हर पार्कच्या आमच्या सोसायटीत मासे खाण्यावरून मला आजवर कुणी एक शब्द बोललेलं नाही. तरी बारा वर्षं मी बोंबील तळताना स्वयंपाकघराची खिडकी लावते, उदबत्ती लावते, आणि वर शेजारच्या बेनना जिन्यात भेटले तर 'आज भेंडीची भाजी केली' असं न विचारता सांगते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. सरांनी दार लावलं तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. मी म्हटलं, ठीक आहे सर, पापड.

बदल करायचं काम आमच्या क्लार्ककडे गेलं. हे भाईंदर पूर्वेहून येतात, घाईत येतात आणि घाईतच काम करतात. अर्ध्या तासात त्यांनी कागद परत आणून दिले. 'सगळीकडे पापड केला बाई, एक पण बोंबील सोडला नाय.' खरंच सोडला नव्हता. 'पहाटे होडीतून आलेले ताजे पापड मुले स्वतः हाताळतील.' 'पापड हा आपल्या किनाऱ्याचा प्रमुख आधार आहे.' आणि सातव्या पानावर, 'एका पापडाचे तोंड दुसऱ्या पापडाच्या तोंडात अडकवून ते दोरावर टांगण्याचे कौशल्य विद्यार्थी आत्मसात करतील.' हे मी वाचलं तेव्हा अर्ज कुरिअरने निघून गेलेला होता.

महिन्याभरात मंजुरीचं पत्र आलं. निवड समितीने अर्जाचा 'सखोल अभ्यास' केला होता आणि 'पारंपरिक ज्ञानाची विज्ञानाशी घातलेली सांगड' त्यांना विशेष भावली होती. सरांनी ते पत्र लॅमिनेट करून घेतलं.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. इलेक्ट्रॉनिक तराजू आला, दमटपणा मोजायचं यंत्र आलं, कावळ्यांसाठी जाळी आली आणि या सगळ्यांहून लांब असा संस्थेचा बॅनर आला. प्रत्येक फोटोत बॅनर दिसलाच पाहिजे अशी अट होती, त्यामुळे बॅनरला भरपूर ऊन मिळावं अशा जागी आम्ही पापड घातले. उडदाचे, नाचणीचे, पोह्याचे. वर्गातल्या रत्नागिरी-रायगडकडच्या मुलींच्या आया बचत गटात पापड लाटत, त्यामुळे त्या मुलींना सगळं येत होतं. किती जाड लाटायचा, कधी उलटायचा, कडा वर आल्या की काय समजायचं. त्या पुढे झाल्या, नोंदी करायला लागल्या, बोलायला लागल्या. मला आनंदच झाला. आणि माझी प्रकल्पप्रमुख भिंतीला टेकून उभी होती.

'तूही हात लाव ना. सांग बघू, यात किती पाणी राहिलंय?' मी पापड तिच्या हातात दिला.

तिने तो बोटांनी दाबला. पापडाचे दोन तुकडे झाले. मुली हसल्या. तिने तुकडे जपून परत चादरीवर ठेवले. 'मना पापडाचं काय ठावं न्हाय टीचर,' ती म्हणाली. 'आमच्या घरी दुकानातून आनतात.'

'अगं, क्रिया तीच असते,' मी म्हणाले. सरांचं वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं.

चार दिवस ती आली. पाचव्या दिवशी आली नाही. आठव्या दिवशी मी निरोप पाठवला. आईचा उलट निरोप आला, पापड उन्हात ठेवायला पोर कशाला पाहिजे, इथे बोंबील वाट बघत न्हाय.

आता जे सांगायचं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. संस्थेला दर पंधरा दिवसांनी वर्गाच्या हजेरीपटावरून प्रकल्पातल्या मुलांची उपस्थिती कळवायची होती. पहिल्या अहवालात तिच्या नावापुढे ओळीने रिकामे चौकोन दिसत होते. सरांनी पान माझ्याकडे सरकवलं. 'ही मुलगी टिकावी म्हणून प्रकल्प, असं तुम्हीच अर्जात लिहिलंय. आणि तीच नाही? काय ते बघून घ्या.' मी बघून घेतलं. मी स्वतःच्या हाताने तिला हजर केलं. मनाशी म्हटलं, उद्या येईलच. मनाशी असंही म्हटलं की तिच्या भल्यासाठीच आहे, गैरहजेरीने तिचंच नुकसान होईल. खरं तर उलटं होतं. सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांची यादी दर महिन्याला वर जाते, मग कुणीतरी घरी जातं, आईबापांशी बोलतं, काही ना काही हालचाल होते. हजर मुलीकडे कोण जाणार? तिला परत आणण्याची जी एकुलती एक सरकारी वाट होती तीच मी रोज सकाळी बंद करत होते. मला हे कळत होतं. तरी मी करत होते.

जानेवारीत संस्थेच्या एक विश्वस्त बाई पाहणीला आल्या. साधी सुती साडी, पायात चपला. आम्ही तयारी केली होती जावयासारखी. रांगोळी, औक्षण, नारळ, शाल. आदल्या दिवसापासून सरांनी स्टाफला डब्यात काही 'तसलं' न आणण्याची तोंडी सूचना दिली होती. बाईंनी पापड पाहिले, तक्ते पाहिले, यंत्र हातात घेऊन पाहिलं. मग अंगणाच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. तिथून वलांड्या दिसतात, सबंध किनाराभर.

'ते काय आहे?'

सर खोकले. 'ते... स्थानिक आहे.'

'मासळी ना? मग एवढं समोर असताना तुम्ही पापड का घेतलेत?' त्या माझ्याकडे वळल्या. 'अर्ज वाचताना सुद्धा मला कळेना. पापडाला तोंड कुठून आलं?'

म्हणजे निदान एका माणसाने अर्ज वाचला होता. सरांनी चाचरत सांगितलं की आम्हाला वाटलं, आपल्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, चालत नसेल. बाई सरांकडे वळल्या. 'आमच्या घरी खात नाहीत, खरं आहे. पण प्रकल्प काय आम्ही जेवणार होतो? एकदा विचारायचं तरी!'

ताकाला जाऊन भांडं लपवावं आणि देणाऱ्याच्या घरात ताक रांजणभर असावं, तशी आमची गत झाली. आमच्यावर कुणी बंदी घातली नव्हती. आम्हीच घातली, आम्हीच पाळली आणि पाळल्याबद्दल स्वतःवर खूश होतो. बाई गेल्यावर मी सरांना म्हटलं, सर, आता तरी बदलूया, बोंबील आणूया, ती मुलगी येईल. सरांनी मान हलवली. 'मंजूर प्रकल्प मध्येच बदलता येत नाही, बाई. पापड मंजूर आहे.' आणि लॅमिनेट केलेल्या पत्राकडे बोट दाखवलं. मी पुन्हा गप्प बसले. ती दुसरी वेळ, आणि त्या वेळी तर निमित्त सुद्धा नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात समारोप झाला. मंडप, माईक, पाहुणे, पुठ्ठ्याचा चेक. पैसे चार महिन्यांपूर्वीच येऊन खर्च झाले होते, पण चेकशिवाय फोटो कसा काढणार? सरांचं भाषण झालं. मग क्लार्क माईकपाशी आले आणि म्हणाले की संस्थेतर्फे एक विशेष बक्षीस आहे, प्रकल्पात सर्वाधिक उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्याला दप्तर. हे बक्षीस मला माहीत नव्हतं. संस्थेची ईमेल सकाळीच आली होती आणि क्लार्कांनी नेहमीच्या घाईत हजेरीपटावरून बेरीज करून टाकली होती.

बेरीज अचूक होती. खरी मुलं आजारी पडतात, मामाच्या लग्नाला जातात, पाय मुरगळून घरी बसतात. शंभर टक्के हजर राहणं फक्त न आलेल्या मुलीलाच जमलं होतं. क्लार्कांनी तिचं नाव पुकारलं.

मंडपात कुणी हललं नाही. मग मागून एक पोरगी म्हणाली, 'ती तर येतच न्हाय.' सरांनी पटकन माईक घेतला आणि ती आज आजारी असल्याचं सांगितलं. तिच्या जागी पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी केली, दप्तर तिच्या हातात दिलं, फोटो काढला, दप्तर परत घेतलं. टाळ्या झाल्या. त्या विश्वस्त बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी मंडपाच्या कनातीकडे.

कार्यक्रम संपल्यावर दप्तर घेऊन मी किनाऱ्यावर गेले. मायलेकी वलांडीखाली बसल्या होत्या, समोर ओल्या बोंबलांची टोपली. मी दप्तर पुढे केलं.

'कशाचं हाय?' आईने विचारलं.

खोटं बोलायची सवय लागलेल्या माणसाला खरं बोलताना जीभ जड होते. 'शाळेत रोज आल्याचं बक्षीस आहे,' मी म्हणाले. 'मी तिला रोज हजर लिहीत होते. चूक झाली माझी.'

आईने ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही. तिने दप्तराची चेन उघडून आत पाहिलं, शिवण ओढून पाहिली, बाजारात माल बघतात तसं. मग शांतपणे म्हणाली, 'मंग बरं हाय की टीचर. न जाता पयला नंबर येतो, तर जाऊन काय करायचं?'

मी दप्तर मुलीपुढे धरलं. मुलीने ते घेण्यासाठी हात पुसायला आईचा पदर धरला, मग विचार बदलला. 'ते पापडाचं हाय, आये. आपलं न्हाय,' ती म्हणाली आणि टोपलीतले पुढचे दोन बोंबील उचलले. मी दप्तर घेऊन परत बसस्टॉपवर आले. रडू यायला लागलं होतं आणि बसची वाट बघणाऱ्या दोन बायका मला जागा करून देत होत्या. दप्तर नवं दिसत होतं, बहुतेक त्यांना वाटलं, बाईचं मूल गेलंबिलं की काय.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला हजेरी घेताना तिचं नाव आलं. मी तोंडातून काढलं मात्र, खिडकीकडच्या बाकावरून दोघीतिघींनी एका सुरात म्हटलं, 'हजर बाई!'

मी मान वर केली. 'कुठे आहे ती?'

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यातली एक उभी राहिली. थट्टा करत नव्हती, खरंच गोंधळली होती. 'पण बाई, तिचं तसंच म्हणायचं असतं ना? तुम्ही तसंच लिहिता.'

चार महिन्यांत माझी मुलं पापडाच्या शेकडेवारीखेरीज हेही शिकली होती. अहवालात 'प्रकल्पातून विद्यार्थ्यांनी काय आत्मसात केले' असा रकाना होता, त्यात मी भलतंच काहीतरी लिहिलं होतं.

मी पेन खाली ठेवलं. मागच्या सगळ्या खोट्या हजेऱ्या मी त्याच दिवशी लाल शाईने खोडून खाली सही केली. त्याबद्दल मला मेमो मिळाला आणि सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण ते दुपारी. सकाळी मी आधी तराजू घेतला, दमटपणाचं यंत्र घेतलं, मुलांना दोन-दोनच्या रांगेत उभं केलं आणि सरांना न विचारता किनाऱ्यावर नेलं. बॅनर तेवढा मागे ठेवला.

तीस मुलं बघून आई उठून उभी राहिली. 'हे काय?'

'ही यांना शिकवेल,' मी म्हणाले. 'मला येत नाही.'

मुलगी आधी माझ्याकडे बघत राहिली. मग पापडवाल्या मुलींपैकी एकीने टोपलीत हात घातला, बोंबील उलटा धरला आणि तो सळकन निसटून वाळूत पडला. कुणी हसायच्या आत ही म्हणाली, 'असा न्हाय, डोक्याकडून धर.' आणि तिने दाखवलं. मग वजन झालं. मग कुठल्या रांगेला सावली येते ते झालं. मग ती प्रत्येकाला बोंबील दाबायला लावून विचारायला लागली, बोल, किती पानी हाय, आणि चूक सांगितलं की तराजूवर टाकून दाखवायला लागली. पाऊण तास ती एकटी बोलत होती. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

तिच्या आईला सुद्धा माहीत नव्हतं. ती हातातलं काम सोडून बघत होती. 'घरात तर सात वेळा हाक मारली तर एकदा बोलते,' ती मला म्हणाली. मग तिने भाव ठरवावा तसं सांगितलं, 'दुपारपर्यंत तुमची. दुपारनंतर माझी. आनि तिला पापड करायला लावायचा न्हाय.'

मी म्हटलं, नाही लावणार.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना तिच्या नावापाशी आले तेव्हा वर्गात कुणीच काही बोललं नाही. सगळे भिंतीकडच्या बाकाकडे बघत होते. ती उभी राहिली, नेहमीसारखी, जणू मी काही प्रश्न विचारला होता.

'हजर, टीचर,' ती म्हणाली. मी आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग लिहिलं.